विजेचा टप्पा गाठला, पोलादाचे काय?

देशाच्या स्थापित वीजक्षमतेतील निम्मा वाटा आता बिगर-जीवाश्म स्रोतांचा आहे. २०३० साठीचे हे उद्दिष्ट २०२५ च्या जुलैमध्येच गाठल्याचे केंद्राने जाहीर केले. ही कामगिरी लहान नव्हे. मात्र क्षमता म्हणजे निर्मिती नव्हे. सूर्य मावळला की सौर पटले थंडावतात, कोळशाचा संच रात्रभर धडधडत राहतो. म्हणूनच प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेतील सुमारे ७० टक्के वीज अद्याप कोळशाचीच.

तरीही विजेचा प्रश्न सुटण्याजोगा आहे. साठवणुकीची सोय आणि पारेषणाच्या वाहिन्या, म्हणजे मुख्यतः पैसा आणि जमीन, असे त्याचे उत्तर निदान ठाऊक तरी आहे. खरा पेच पोलादाचा. झोतभट्टीत कोळसा केवळ उष्णतेसाठी जळत नाही; लोहखनिजातील ऑक्सिजन काढून घेण्याचे कामही त्यातला कार्बनच करतो. त्यामुळे कारखान्याच्या छपरावर कितीही सौर पटले बसवली तरी भट्टीला कोक लागतोच. एक टन पोलादामागे भारतात सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि २०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणाला २०३०-३१ पर्यंत ३० कोटी टनांची क्षमता हवी आहे.

गोव्याला हे दूरचे वाटू नये. बल्लारी परिसरातील भट्ट्यांसाठी आयात होणारा कोळसा मुरगाव बंदरात उतरतो आणि वास्को, कुळेमार्गे घाट चढतो. वास्कोतील खिडक्यांवर बसणारी काळी भुकटी तीच. तिनईघाट ते कुळे रेल्वे दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली, ते योग्यच झाले. पण कोकची मागणी वाढत राहिली तर कोळसा दुसरे बंदर शोधेल. मुरगावात शेड उभारून फार तर धूळ आटोक्यात येईल, उत्सर्जन नव्हे.

पर्याय हरित हायड्रोजनचा. त्याच्या राष्ट्रीय मोहिमेसाठी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपये मंजूर झाले. त्यातले पोलादातील प्रायोगिक प्रकल्पांच्या वाट्याला आले जेमतेम ४५५ कोटी, तेही २०२९-३० पर्यंत. दुसरीकडे युरोपने १ जानेवारी २०२६ पासून आयात पोलादाच्या कार्बनवर आकार लागू केला आहे. निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वर्ष आपण २०७० ठरवले आहे. मात्र आज पेटवलेली झोतभट्टी डागडुजी करत तीन-चार दशके सहज चालते. म्हणजे २०६० साली कोणत्या भट्ट्या धगधगत असतील, याचा निर्णय क्षमतावाढीच्या याच चार-पाच वर्षांत होत आहे.