वर्गातील शिस्त आणि दाराजवळची जागा

विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा नाणेघाटावर किंवा या परिसरातील जुन्या व्यापारी मार्गांवर आम्ही काही लिहावे, अशी त्यांची अपेक्षा असणार. इतिहास शिकवणाऱ्याकडून दुसरे काय मागायचे! परंतु नाणेघाट दोन हजार वर्षे जागेवर आहे. तो आणखी एक वर्ष थांबेल. आज आम्हांला वर्गातील शिस्तीविषयी लिहायचे आहे, आणि त्याला कारण आमचे माजी विद्यार्थीच आहेत.

भेटीच्या रविवारी किन्हवली, डोळखांब, खर्डी, टोकावडे, धसई अशा गावांहून पालक येतात. त्यांतले काही एकेकाळी आमच्याच वर्गात बसलेले असतात. मुलाला आमच्यापुढे उभे करून ते म्हणतात, "सर, याला दोन लावत जा. तुम्ही आम्हांला लावल्यात म्हणून आम्ही घडलो." बोलण्यात आदर असतो, आपुलकी असते. आम्हांला मात्र ते ऐकताना मान खाली घालावीशी वाटते. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत आम्ही मुलांवर हात उगारला, हे खरे आहे. त्या माराने कोणी घडले, हे खरे नाही. ते घडले आईबापांनी पोटाला चिमटा घेतला म्हणून, वसतिगृहात दोन वेळचे जेवण आणि अभ्यासापुरता दिवा मिळाला म्हणून, आणि घरात बाबासाहेबांचे नाव घेतले जात होते म्हणून. मार खाऊन जी मुले शाळा सोडून गेली, ती भेटीच्या रविवारी येत नाहीत. त्यांची साक्ष कोणी नोंदवलेली नाही. पुराव्यातली ही पोकळी इतिहासाच्या विद्यार्थ्याला तरी दिसली पाहिजे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने, त्याच्या सतराव्या कलमान्वये, मुलांना शारीरिक शिक्षा देण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली. १ एप्रिल २०१० पासून कायदा लागू झाला. छडी कपाटाआड गेली, पण तिच्या जागी काय ठेवायचे याचा विचार आम्हा शिक्षकांपैकी फार थोड्यांनी केला. बहुतेकांनी आवाज चढवला. काहींनी मुलाला वर्गाबाहेर उभे करणे किंवा वेगळे बसवणे पसंत केले. त्यात हात लागत नाही, वळ उठत नाही, म्हणून ती सौम्य शिक्षा समजली गेली. आम्हीही तसेच समजत होतो.

वास्तविक या प्रश्नावरचे एक शास्त्र आम्ही बी.एड.ला शिकलो होतो आणि परीक्षा होताच विसरलो होतो. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे साधक अभिसंधान पाठ करून आम्ही गुण मिळवले. पेटीतली कबुतरे आणि उंदीर तेवढे लक्षात राहिले. स्किनर १९५३ साली आपल्या मुलीच्या चौथीच्या वर्गात पालक म्हणून जाऊन बसले होते, ही गोष्ट आम्हांला पुष्कळ उशिरा वाचनात आली. गणिताचा तास चालू होता. मुलांनी उदाहरणे सोडवली, पण आपले बरोबर की चूक हे त्यांना तिथल्या तिथे कळत नव्हते. स्किनर यांना ते खटकले आणि त्यांनी अध्ययनयंत्रावर काम सुरू केले. यंत्राचे पुढे काय झाले ते सोडून देऊ. आपल्यासारखाच एक पालक मागच्या बाकावर बसून वर्ग पाहतो, आणि त्याला मुलाचे नव्हे तर वर्गाच्या रचनेचे चुकते आहे असे वाटते, ही दृष्टी मोलाची आहे.

पुढे १९६८ च्या सुमारास या विचारातून उपयोजित वर्तन विश्लेषण नावाची शाखा उभी राहिली. तिचे सूत्र साधे आहे. वर्तनाच्या आधी काय घडले, वर्तन नेमके काय होते आणि त्यानंतर काय घडले, हे तिन्ही लिहून काढा. ज्या परिणामामुळे ते वर्तन पुन्हा घडण्याची शक्यता वाढते, त्याला प्रबलन म्हणावे. काही हवेसे मिळाल्याने वर्तन वाढले, तर ते धन प्रबलन. काही नकोसे टळल्याने वाढले, तर ते ऋण प्रबलन. पुष्कळ शिक्षक ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा असे समजतात. आम्हीही परीक्षेत बहुधा तसेच लिहिले असावे. या गैरसमजाची किंमत एका मुलाने मोजली.

सातवीच्या वर्गात कातकरी वाडीवरचा एक मुलगा होता. दिवाळीनंतर त्याचे आईबाप भिवंडीकडे वीटभट्टीवर जात आणि पावसाच्या तोंडावर परतत. मुलगा वसतिगृहात राही. आठवड्यातून तीन-चार वेळा तो शेजाऱ्याला मारी, वही भिरकावी, शिव्या देई. आम्ही त्याला दाराजवळ एकटा बसवू लागलो. फारच झाले तर व्हरांड्यात उभा करू लागलो. दंगा कमी होण्याऐवजी वाढला. अखेर बी.एड.च्या जुन्या टिपणांची धूळ झटकून आम्ही एक शंभर पानी वही घातली आणि तीन आठवडे नोंदी केल्या. दंग्याचे चौदा प्रसंग नोंदले गेले. त्यांतले अकरा गणिताच्या तासाचे होते, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्याला फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावण्याची वेळ आलेली होती. त्यानंतर काय घडे? आम्ही त्याला वर्गाबाहेर काढत असू. त्याला तेच हवे होते. आम्ही जिला शिक्षा म्हणत होतो ती त्याची सुटका होती, आणि प्रत्येक वेळी सुटका देऊन आम्हीच त्याला दंगा शिकवत होतो.

वही वाचल्यावर करायचे ते फारसे अवघड नव्हते. हा मुलगा भट्टीवरचा हिशेब तोंडी करत असे. मालकाकडून घेतलेली उचल किती, हजारी दर किती, किती विटा पाडल्या म्हणजे उचल फिटेल, हे तो आम्हांला चालता चालता सांगे. पण तेच फळ्यावर मांडायला सांगितले की हात थिजत. आम्ही विटांचीच उदाहरणे घेतली. पहिल्या आठवड्यात रोज एकच. सुटले की त्याच क्षणी, सगळ्यांना ऐकू जाईल असे, "बरोबर. वजाबाकी नीट मांडलीस" एवढेच म्हणायचे. आणि नको वाटले तर "सर, आता थांबतो" असे सांगण्याची मुभा. वही फेकायची गरज नाही. दिवाळीपर्यंत दंगे पंधरवड्याला एकावर आले. थांबले मात्र नाहीत. भेटीच्या रविवारी त्याच्याकडे कोणी येत नसे, आणि सोमवारची सकाळ कठीण जाई. त्यावर आमच्या वहीत उपाय नव्हता.

त्या वर्षातली एक गोष्ट अजून सांगायची राहिली. नोंदी सुरू करण्याआधी एकदा त्याची आजी कोरडी लाकडे विकायला बाजाराला आली असता शाळेत डोकावली. नातू दाराजवळ एकटा बसलेला तिने पाहिला आणि आम्हांला हळूच विचारले, "गुरुजी, याचा इटाळ धरता का?"

आम्हांला उत्तर सुचले नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. तो दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतो, आणि प्रत्येक वर्षी त्या दिवशी आम्हीच मुलांपुढे भाषण करतो. तो मुलगा घरून गोणपाट नेई, वर्गात त्यावर वेगळा बसे आणि संध्याकाळी ते गोणपाट घरी परत आणी; शिपाई नसेल तर त्याला पाणीही मिळत नसे. हे बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये स्वतः लिहून ठेवले आहे. वर्तनशास्त्राच्या पुस्तकात मुलाला काही काळ सर्वांपासून दूर बसवणे हे एक तंत्र आहे, आणि लिहिणाऱ्यांच्या मनात जात नाही, हे आम्हांला मान्य आहे. पण तंत्र ज्या भूमीवर उतरते तिची स्मृती त्याला चिकटते. आजीने पुस्तक वाचलेले नव्हते. तिने जागा पाहिली.

आमचे एक सहकारी यावर म्हणतात की, दुर्लक्ष करण्याची शिक्षा तथागतांनीही दिली आहे. महापरिनिब्बान सुत्तात छन्न भिक्खूला ब्रह्मदंड सांगितला आहे: त्याला काय हवे ते बोलू द्यावे, पण भिक्खूंनी त्याच्याशी बोलू नये, त्याला उपदेश करू नये. दाखला खरा आहे. परंतु छन्न हा सिद्धार्थाचा जुना सारथी, आणि त्या नात्याचा त्याला गर्व होता. ज्याला आपल्या मोठेपणाचा ताठा आहे, त्याच्या बाबतीत मौन हे औषध होऊ शकते. वाडीवरच्या मुलाकडे झडण्यासारखा कोणता ताठा आहे? त्याच्या वाट्याला गावाचे मौन पिढ्यान् पिढ्या आलेलेच आहे. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे: प्रबलनाचे शास्त्र आपल्या शाळांनी घ्यावे, पण वेगळे बसवण्याचे साधन त्यातून वगळावे. एका तासासाठी नाही, पाच मिनिटांसाठीही नाही.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. बक्षिसे देऊन मुले वळवायची, म्हणजे आज्ञाधारकपणाच पेरायचा ना? ज्या समाजाला शतकानुशतके आज्ञा पाळायलाच शिकवले गेले, त्याच्या शाळेत हे कशाला? ही शंका अमेरिकेतही आली होती. १९७२ मध्ये या शाखेच्या मुख्य नियतकालिकातच दोन अभ्यासकांनी वर्गातल्या प्रयोगांचा आढावा घेऊन विचारले की, आपण मुलाला केवळ गप्प, स्थिर आणि नमते करण्यासाठी हे शास्त्र वापरतो आहोत काय. स्वमग्न मुलांना वळण लावण्यासाठी त्याच काळात काही ठिकाणी विजेचे झटकेही दिले गेले, आणि त्याबद्दलचा राग आज मोठ्या झालेल्या स्वमग्न व्यक्ती बोलून दाखवतात. तेव्हा कोणते वर्तन वाढवायचे हे ठरवणारा कोण, हा प्रश्न तंत्राच्या आधीचा आहे. आमच्या वर्गात "सर, हे पुस्तकात असे का दिले आहे?" असे विचारणाऱ्या मुलीला उद्धट ठरवून गप्प बसवले, तर तेही एक परिणामच झाले. ती पुन्हा विचारणार नाही. शाबासकी द्यायचीच तर पहिली तिला द्यावी.

बक्षिसाचेही शहाणपण लागते. महाराष्ट्रात १९९५ नंतर काही वर्षे शालेय पोषण आहारात महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळत, ऐंशी टक्के हजेरी असेल तर. घराला त्याचा आधार होता. पण महिन्याअखेरचा तांदूळ सात वर्षांच्या मुलाला आज सकाळी शाळेत ओढून आणत नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न आले आणि दुपारी खिचडीचा वास वर्गात येऊ लागला. परिणाम वर्तनाच्या जितका जवळ, तितका तो खरा. हे तत्त्व आम्ही त्या वासावरून शिकलो. १९९२ पासून गरीब घरच्या मुलींना मिळू लागलेला रोजचा एक रुपया उपस्थिती भत्ताही असाच होता. हजेरीचा हिशेब होऊन रक्कम हाती पडेपर्यंत मुलीला त्याचा आपल्या रोजच्या येण्याशी काही संबंध वाटत नसे. आणि रुपयाचे मोल काय राहिले, ते पालकांना आम्ही सांगायला नको.

भिंतीवरच्या चांदण्यांच्या तक्त्यांविषयी आमचे मत फारसे चांगले नाही. सर्वांसमोर लावलेला तक्ता पहिल्या आठवड्यानंतर मुलांची उतरंड होऊन बसतो. शिवाय जे मूल आवडीने करते, त्यावर बक्षीस लावू नये. १९७३ मध्ये अमेरिकेतील एका बालवाडीत, चित्रे काढायला आवडणाऱ्या मुलांना चित्रासाठी प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगून ते दिले गेले. नंतर मोकळ्या वेळेत ती मुले चित्रांकडे कमी वळू लागली. आमच्या ठाकर-वारली मुलांच्या वह्यांच्या मागच्या पानांवर जी झाडे आणि माणसे उगवतात, त्यांना कोणी गुण देऊ नयेत.

याउलट, जिथे गोडी लागलेलीच नाही तिथे प्रोत्साहन लाजिरवाणे नाही. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात मागास जातींच्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे मागितली होती, ती याच हेतूने. आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच मुलांच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली. मुलाला दोष देण्याआधी परिस्थिती बदलून पाहणे, ही गोष्ट त्यांनी वर्तनशास्त्राचे नाव न घेता केली. आणि बक्षीस कसे असावे, हे कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींकडून शिकावे. चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसणारा मुलगा त्यांनी हेरला, त्याला वाचायला पुस्तके दिली. आणि १९०७ ची मॅट्रिक तो उत्तीर्ण झाल्यावर, सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखालील सत्कारसभेत आपले स्वतःचे बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. त्या बक्षिसाचे पुढे काय झाले, हे या स्मरणिकेच्या वाचकांना ठाऊक आहे.

आमच्या वर्गात आता वही आहे, पण ती मुलांची नाही. आठवड्यातून एकदा दोन मुले मागे बसून एका तासात सर किती वेळा रागावले आणि किती वेळा एखाद्याचे नेमके काय बरोबर आले ते सांगितले, याच्या रेघा मारतात. गेल्या महिन्यातल्या एका तासाला रागावण्याच्या अकरा रेघा होत्या आणि दुसऱ्या बाजूला तीन. मुलांनी ती बेरीज आम्हांला हसत हसत दाखवली. वही शिक्षकखोलीतील डाव्या कपाटात असते. भेटीच्या रविवारी पालकांनी ती मागून पाहावी.