पेट स्कॅन करणाऱ्याचं नाव रजिस्टरमध्ये कोण चढवणार?

अहिल्यानगर जिल्ह्यातून पेट स्कॅनसाठी पुणे, नाशिक किंवा संभाजीनगरला गेलेलं कुणीतरी तुमच्याही ओळखीत असेल. रिपोर्टवर सही डॉक्टरांची असते. पण रेडिओॲक्टिव्ह औषधाचा डोस मोजणारा, पेशंटला नीट सूचना देणारा आणि मशीन चालवणारा माणूस वेगळा असतो. त्याला न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट म्हणतात. त्याचं शिक्षण खरं आहे का, हे मोबाईलवर तपासता यायला हवं की नको?

कायदा म्हणतो, हवं. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात हा व्यवसाय नावानिशी आहे. त्यात केंद्राचं ऑनलाइन रजिस्टर आहे, राज्यांची रजिस्टरं आहेत आणि प्रत्येक राज्यात कौन्सिल आहे. पण बहुतेक राज्यांत तीन वर्षं काम फारसं हललंच नाही. शेवटी जॉइंट फोरम ऑफ मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट्स ऑफ इंडिया ही टेक्नॉलॉजिस्ट मंडळींचीच संघटना सुप्रीम कोर्टात गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये कोर्टाने केंद्राला आणि राज्यांना १२ ऑक्टोबर २०२४ पर्यंत अंमलबजावणी करायला सांगितलं. म्हणजे कायदा सरकारने केला, पण तो हलवायला संघटना लागली.

हे काम एवढं नाजूक का?

एक्स-रे मशीन बंद केलं की रेडिएशन थांबतं. इथे तसं नाही. औषध शरीरात गेलं की काही तास पेशंटच्याच अंगातून किरणं बाहेर पडतात. डोस चुकला, नाव चुकलं किंवा वेळ चुकली, तर ‘अनडू’ नसतं. आणि टेक्नॉलॉजिस्ट हे काम रोज करतो. म्हणून त्याच्या खिशाला टीएलडी बॅज असतो. अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे एईआरबीची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर जाता येत नाही.

दुसरी अडचण घड्याळाची. पेट स्कॅनमध्ये सर्रास वापरलं जाणारं फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. समजा, मुंबईतून निघालेल्या गाडीला नगरला पोचायला साडेपाच तास लागले. तीन वेळा निम्मं झालं, म्हणजे हातात आठवा हिस्सा उरला. घाटात ट्रॅफिक लागलं तर तेवढाही नाही.

हाडांच्या, किडनीच्या आणि हृदयाच्या बऱ्याच स्कॅनना टेक्नेशियम-९९एम लागतं. ते सहा तासांत निम्मं होतं, पण त्याला जनरेटर असतो. आत मॉलिब्डेनम-९९ असतं. त्याचं अर्धआयुष्य ६६ तास, त्यामुळे एक जनरेटर साधारण आठवडाभर चालतो. रोज सकाळी त्यातून टेक्नेशियम काढतात, आणि या क्षेत्रात त्याला चक्क ‘धार काढणं’ म्हणतात. संगमनेर-राहात्याच्या वाचकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पण गायच आली नाही तर? २००९-१० मध्ये कॅनडा आणि नेदरलँड्समधल्या जुन्या अणुभट्ट्या बंद पडल्या आणि जगभर मॉलिब्डेनमची टंचाई झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या पेटनची अणुभट्टी वेळेवर सुरू झाली नाही, तेव्हा पुन्हा तेच. अशा वेळी कुठल्या सेंटरकडे किती माल आहे, कुणाचा स्कॅन थांबू शकतो आणि कुणाचा नाही, हे ठरवायला माणसं एकमेकांना ओळखत असावी लागतात. ती ओळख टंचाईच्या दिवशी फोन करून तयार होत नाही.

अध्यक्षाचं खरं काम

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. रजिस्टरचं ॲप बनवणं हे त्यातल्या त्यात सोपं काम. लॉगिन, सर्च, क्यूआर कोड, झालं. अवघड आहे ते त्यात खरी माहिती भरणं. कुणाचा डिप्लोमा कुठल्या संस्थेचा, अनुभव खरा की कागदावरचा, हे मुंबईत किंवा दिल्लीत बसलेल्या क्लार्कला कळत नाही. त्याच भागात काम करणाऱ्यांना कळतं. म्हणून विभागीय संघटनेच्या अध्यक्षाकडे मी हार-तुऱ्यांचं पद म्हणून बघत नाही. माझ्या मते त्याची कामं तीन:

१. यादी: आपल्या भागात कोण काम करतं, काय शिकलंय, हे ताजं ठेवणं आणि कौन्सिलपुढे मांडणं.
२. प्रशिक्षण: छोट्या सेंटरमध्ये बऱ्याचदा एक-दोनच टेक्नॉलॉजिस्ट असतात. एक सुट्टीवर गेला की काम अडतं, आणि नवीन शिकायला मुंबईला जायला वेळ मिळत नाही.
३. आवाज: बॅजचं रीडिंग जास्त आलं तर एकटा कर्मचारी मालकाशी भांडू शकत नाही. संघटना पत्र लिहू शकते.

हे फक्त नगरपुरतं करून चालणार नाही. क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा असला तरी या व्यवसायातली माणसं मोजकीच असणार. नगर, नाशिक, संभाजीनगर आणि पुणे मिळून एक गट केला तर काही वजन पडेल. अमेरिकेत टेक्नॉलॉजिस्टचा स्वतंत्र विभाग १९७० मध्ये झाला आणि १९७७ मध्ये त्यांचं परीक्षा घेणारं बोर्डही उभं राहिलं.

आपल्याकडे हे जमेल का, असं विचारणाऱ्यांनी लोणीकडे बघावं. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरा साखर कारखाना उभा केला, तेव्हा एकेकट्या शेतकऱ्याला बाजारात कुणी विचारत नव्हतं. पहिले अध्यक्ष झाले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. शेतकऱ्याची जिद्द आणि अभ्यासकाचा हिशोब एकत्र आला म्हणून ते टिकलं. मात्र याच जिल्ह्याने हेही पाहिलंय की सभासद झोपले की संस्था दोन-चार घरांची होते. टेक्नॉलॉजिस्टच्या संघटनेतही ठरलेल्या मुदतीत निवडणूक आणि उघडे हिशोब हवेतच.

तुम्ही काय करू शकता?

घरातल्या कुणाचा न्यूक्लिअर स्कॅन असेल तर सेंटरला एईआरबीचं लायसन्स आहे का आणि टेक्नॉलॉजिस्टचं शिक्षण काय, हे सरळ विचारा. चांगलं सेंटर रागावत नाही. आणि बारावीनंतर या क्षेत्रात जाणार असाल तर फी भरण्याआधी कोर्सला मान्यता आहे का ते बघा. नाहीतर पदवी हातात असेल आणि रजिस्टरमध्ये नाव नसेल.