बर्गरचा गवगवा आणि कामगाराचा बिल्ला

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या ‘इन-एन-आउट’ या बर्गरच्या दुकानांचा गवगवा फार. तो अगदीच पोकळ नाही. १९४८ साली सुरू झालेली ही कंपनी गोठवलेले मांस वापरत नाही आणि या धंद्यातील इतरांपेक्षा बरे वेतन देते. हे श्रेय आम्ही नाकारत नाही. परंतु २०१५ साली टेक्सासमधील ऑस्टिन येथे तिच्या कामगाराने तासाला १५ डॉलरच्या मागणीचा बिल्ला लावला, तेव्हा व्यवस्थापनाने तो काढायला सांगितले. नाताळात मात्र कंपनीचा बिल्ला लावणे सक्तीचे! २०१८ साली अपील न्यायालयाने कामगाराचा हक्क मान्य केला. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची याचिका दाखलही करून घेतली नाही. मालक खूश असेपर्यंत मिळणारा बरा पगार ही मेहेरबानी आहे. मागण्याचा हक्क असेल, तरच ते वेतन. गवगव्याचे माप आम्ही याच काट्यावर करतो.