चिखलदऱ्याचा घाट आणि दिवसाचे अकरा तास

वर्ध्याच्या काळ्या, कपाशीच्या मुलखात सायकल चालविणाऱ्यास डोंगराची ओढ लागावी यात नवल नाही. पुलगाव, धामणगाव, अमरावती, परतवाडा असा मार्ग धरून चिखलदऱ्यास पोहोचण्याचा बेत म्हणूनच अनेकांच्या मनात घोळत असतो. पण बेत आणि नियोजन यांत अंतर असते. वर्धा समुद्रसपाटीपासून सव्वादोनशे मीटरांच्या आसपास, तर चिखलदरा सुमारे 1,100 मीटर उंच आहे. आणि या चढाचा फार मोठा भाग परतवाडा सोडल्यानंतरच्या साधारण 30 किलोमीटरांत येतो. अमरावतीपर्यंत दमदार धावलेला सायकलस्वार घाटाविषयी काहीच शिकलेला नसतो.

सराव मात्र घरापासून जवळच करता येतो. सेलू, हिंगणीवरून बोर धरणाकडे जाणाऱ्या वाटेवर लहान का होईना, चढउतार आहेत. 2014 साली व्याघ्र प्रकल्प झालेले बोरचे जंगल देशातील सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांत मोडते. तेथे सार्वजनिक रस्ता सोडून आत शिरू नये. प्रवासात न्यावयाचे सर्व ओझे सायकलीवर बांधूनच हा सराव करावा. रिकाम्या सायकलीवरचा सराव मनाची समजूत काढतो, इतकेच.

अमरावतीस एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परतवाडा आणि तेथून सुमारे 14 किलोमीटरांवरील मुक्तागिरी गाठता येते. मध्य प्रदेशाच्या हद्दीतील या सिद्धक्षेत्री 52 मंदिरे आहेत, धबधबा आहे आणि यात्रेकरूंसाठी धर्मशाळाही आहे. घाटाच्या आदल्या रात्री पायांना याहून चांगली विश्रांती कोठे मिळणार? (मंदिरांच्या पायऱ्या मात्र सावकाश चढाव्यात.)

तिसरा दिवस घाटाचा. डिसेंबरात सूर्य आकाशात जेमतेम अकरा तास असतो. सूर्यास्तापूर्वी आहार आटोपणाऱ्या कुटुंबातील मुलांना हे गणित नवे नाही. येथे जंगलाचीही तीच शिस्त आहे. संधिप्रकाशात मेळघाटातील रानगवे आणि अस्वले हालचाल करू लागतात. रस्त्यात गवा उभा दिसला तर दूरच थांबावे, घंटी वाजवू नये, तो निघून जाईपर्यंत वाट पाहावी. ही वाट पाहण्याची वेळसुद्धा हिशेबात धरलेली हवी. उकळून गार केलेले पाणी, खाकरे, खजूर आणि चिक्की घरूनच घ्यावी. घाटात दुकान भेटेल या भरवशावर राहू नये.

चढाची भीती सर्वांनाच वाटते, उताराची कोणालाच नाही. वास्तविक चढावर माणूस थकतो आणि थांबतो. उतारावर ब्रेक सतत दाबून धरले की ते तापतात, हाताची बोटे बधिर होतात आणि पुढचे वळण अंगावर येते. म्हणून ब्रेकचे रबर नवे असावे, वळणाच्या आधीच वेग कमी करावा आणि मधूनमधून उतरून चाकांना निववावे.

1803 च्या डिसेंबरात चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर चालून आलेल्या इंग्रज फौजेच्या एका तुकडीने अवजड तोफा याच डोंगरांतून ओढून नेल्या, त्यासाठी वाट आधी स्वतः तयार करून. आज वाट तयार आहे, म्हणून तयारी कमी लागते असे तरुणांना वाटते.

आईवडिलांनी जाण्यास मनाई करण्याऐवजी मुलांकडून एक कागद मागावा. त्यावर प्रत्येक मुक्कामाचे ठिकाण, सोबत्यांच्या घरचे दूरध्वनी आणि एक ठळक वेळ असावी: दुपारी बारापर्यंत माथा आला नाही, तर जेथे असतील तेथून परत फिरणे. ती वेळ सर्वांत वेगवान मुलाने नव्हे, सर्वांत मागे राहणाऱ्याने ठरवावी आणि घर सोडण्यापूर्वी ठरवावी. घाटात, माथा दोन वळणांवर असताना, ती कोणालाच ठरविता येत नाही.