मनकवड्यांचा खेळ



शाळेत असताना 'गाळलेल्या जागा भरा' हा प्रश्न आपण सर्वांनीच सोडवला आहे. त्याचे उत्तर एकच असते आणि ते पुस्तकात असते. पण समजा, गुरुजींनी एक दिवस सांगितले, "आज बरोबर उत्तराला गुण नाहीत. पुढच्या बाकावरच्या सहा मुलांनी जे लिहिले असेल, तेच तुम्ही लिहिलेत तर गुण. त्यांच्या पाटीत मात्र डोकवायचे नाही." मग काय होईल? वर्गातल्या हुशार मुलाची पंचाईत होईल, आणि सगळ्यांत मिसळणारे, चार घरी वावरणारे पोर पहिले येईल.

अमेरिकेत टेलिव्हिजनवर नेमका असाच एक खेळ वर्षानुवर्षे चालला. त्याचे नाव 'मॅच गेम', म्हणजे जुळवाजुळवीचा खेळ. शेतीच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे येईलच. आधी खेळ समजून घेऊ.

समोर दोन ओळींत सहा नामवंत मंडळी बसतात. वर तीन, खाली तीन. कोणी नट, कोणी नटी, कोणी विनोदी लेखक. अलीकडे दोन साधे स्पर्धक. सूत्रधार एक वाक्य वाचतो आणि मध्येच एक शब्द गाळतो. आपल्याकडचा नमुना करायचा तर असा: "सासूबाई इतक्या चिक्कू, की पाहुणा दिसला की पहिल्यांदा ______ लपवतात." सहाही जण आपापले उत्तर गुपचूप कार्डावर लिहितात. मग स्पर्धक आपले उत्तर मोठ्याने सांगतो, आणि एकेक कार्ड उघडले जाते. ज्याच्याशी उत्तर जुळले त्याचा एक गुण. दुसऱ्या फेरीत आधी न जुळलेल्यांशीच खेळायचे, म्हणजे जास्तीत जास्त सहा गुण.

आता वरच्या वाक्यात तुम्ही काय भराल? बहुतेक जण 'साखर' म्हणतील, काही 'तूप'. एखादा कल्पक माणूस म्हणेल, 'चष्मा, म्हणजे पाहुणा दिसायलाच नको!' लोक त्याला हसून टाळ्या देतील, पण गुण साखरवाला घेऊन जाईल. या खेळात स्वतःची अक्कल चालवण्यापेक्षा दुसऱ्याची ओळखावी लागते. आपल्या भाषेत अशा माणसाला किती चांगला शब्द आहे पाहा: मनकवडा.

हा खेळ ३१ डिसेंबर १९६२ रोजी अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर सुरू झाला. तो काळ लक्षात घेण्याजोगा आहे. त्याआधी तिकडे मोठमोठ्या रकमांच्या प्रश्नमंजूषांचे वेड होते. त्यांतल्या काहींत आवडत्या स्पर्धकाला उत्तरे आधीच सांगितली जात, असे उघडकीस आले. १९५९ साली चार्ल्स व्हॅन डोरेन या गाजलेल्या स्पर्धकाने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे तशी कबुली दिली, आणि १९६० मध्ये अशी लबाडी गुन्हा ठरवणारा कायदा झाला. मोठ्या बक्षिसांच्या ज्ञानपरीक्षेवरचा लोकांचा विश्वास उडाला होता. मग थोड्या बक्षिसाचे, हसतखेळत चालणारे कार्यक्रम पुढे आले.

'मॅच गेम'चे पहिले प्रश्न अगदी मिळमिळीत असत. १९६३ मध्ये तो बंद पडण्याच्या बेतात आला. तेव्हा डिक डीबार्टोलो या प्रश्नलेखकाने जरा चावट, दोन अर्थ निघतील असे प्रश्न लिहायला घेतले, आणि कार्यक्रम तरला. १९६९ पर्यंत तो चालला. पुढे २ जुलै १९७३ पासून सीबीएस वाहिनीवर तो सहा नामवंतांच्या नव्या रूपात आला, आणि दुपारच्या कार्यक्रमांत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला. कॅलेंडरासारखे त्याचे नाव दर वर्षी बदले: 'मॅच गेम ७३', मग '७४', मग '७५'. सूत्रधार जीन रेबर्न हातात लांब, काडीसारखा बारीक मायक्रोफोन घेऊन फिरत. 'मठ्ठ डोरा' हे प्रश्नांतले ठरलेले पात्र. "डोरा इतकी मठ्ठ होती..." असे रेबर्न म्हणाले, की प्रेक्षक एका सुरात ओरडत, "किती मठ्ठ होती?" आपल्या तमाशातल्या सवालजवाबासारखीच ही गंमत.

आता मुख्य गोष्ट. जो स्पर्धक जिंकेल त्याला शेवटी एक जादा डाव मिळे. त्यात एक अर्धवट शब्दप्रयोग देत. तोच आधी प्रेक्षकांना विचारून ठेवलेला असे. प्रेक्षकांत सर्वांत जास्त आलेले उत्तर सांगितले तर ५०० डॉलर, दुसऱ्या क्रमांकाचे सांगितले तर २५० आणि तिसऱ्याचे सांगितले तर १००. त्यानंतर मिळालेली रक्कम दसपट करण्याची संधी. त्यासाठी सहांपैकी एक नामवंत निवडायचा आणि त्याच्याशी उत्तर तंतोतंत जुळवायचे. म्हणजे ५००० डॉलरचा सवाल. मग निवडायचा कोण?

बहुतेक स्पर्धक एकच नाव घेत: रिचर्ड डॉसन. हा मूळचा इंग्लंडचा नट. सहांत तो सर्वांत प्रसिद्ध होता किंवा सर्वांत विद्वान होता म्हणून त्याला निवडत असे नाही. सर्वसाधारण माणूस काय म्हणेल, ते तो बरोबर ओळखून लिहायचा म्हणून. लोक त्यालाच इतके निवडू लागले, की १९७८ मध्ये कार्यक्रमवाल्यांनी एक चाक आणले. चाक फिरवायचे, आणि ते ज्याच्यापाशी थांबेल त्याच्याशी खेळायचे. डॉसनची मक्तेदारी संपली, आणि त्याच वर्षी तो कार्यक्रम सोडून गेला. तोपर्यंत त्याचे दुसरे बस्तान बसले होते. १९७६ पासून तो 'फॅमिली फ्यूड' या कार्यक्रमाचा सूत्रधार झाला होता. त्यात शंभर माणसांना एक प्रश्न विचारून ठेवायचा, आणि त्यांनी काय सांगितले असेल ते दोन कुटुंबांनी ओळखायचे. खरे काय, हा सवालच नाही. लोक काय म्हणाले, एवढाच सवाल.

इंग्लंडातही बीबीसीने जानेवारी १९७९ मध्ये हाच खेळ 'ब्लँकेटी ब्लँक' नावाने आणला. टेरी वोगन त्याचे सूत्रधार. बक्षिसे इतकी किरकोळ, की त्यांची थट्टा हाच कार्यक्रमाचा भाग झाला. हरणाऱ्याला मिळे शोभेचे चेकबुक आणि पेन! तरी लोक आवडीने पाहत. दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याची हौस माणसाला बक्षिसाहून मोठी असते.

आपल्याकडे २००० सालापासून 'कौन बनेगा करोडपती' घरोघर पोचले. त्यात प्रेक्षकांचा कौल घेण्याची सोय आपण पाहिली आहे. पण तिथे कौल फक्त मदतीला असतो. प्रेक्षक चुकले तर स्पर्धकही बुडतो, कारण बरोबर उत्तर वेगळे लिहून ठेवलेले असते. 'मॅच गेम'मध्ये पाचामुखी परमेश्वर हाच कायदा. पाच जण चुकीचे म्हणाले तरी तेच खरे.

इथे आपला संबंध येतो. शेतकऱ्यालाही दर हंगामाला एक गाळलेली जागा भरावी लागते: "यंदा मी ______ लावणार." ही जागा भरताना आपण शेजारी काय करतो ते पाहतो. त्यात गैर काही नाही. पण शेजाऱ्याशी जुळवून कुठे फायदा होतो आणि कुठे तोटा, हे वेगळे ओळखले पाहिजे.

काही ठिकाणी जुळवणेच शहाणपणाचे. ज्वारीची पेरणी शिवारात एका वेळेस झाली तर खोडमाशीचा त्रास विभागला जातो. एकट्याचीच ज्वारी आधी हुरड्यात आली, तर सगळ्या पाखरांचा मुक्काम त्याच्याच वावरात. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचेही तसेच. फरदड न ठेवता सगळ्या गावाने एका वेळी शेत मोकळे केले तरच अळीचा मुक्काम मोडतो. एकट्याने करून भागत नाही. इथे 'मॅच गेम'चा नियम लागू. जितके जुळतील तितके गुण.

बाजारात मात्र हाच नियम उलटा होतो. उन्हाळ कांद्याचे रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकायचे, लागवड डिसेंबर-जानेवारीत, आणि माल निघायचा मार्च ते मे महिन्यांत. निर्णय आज, भाव चार-सहा महिन्यांनी. तेव्हाचा भाव कुणाच्या हातात? इतरांनी आज काय लिहिले आहे, त्याच्या हातात. गेल्या वर्षी भाव चांगला मिळाला म्हणून आपण 'कांदा' लिहितो, आणि त्याच कारणाने तालुक्यातले सगळे 'कांदा'च लिहितात. सहाच्या सहा कार्डे जुळली! टेलिव्हिजनवर टाळ्या पडल्या असत्या. बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरांची रांग लागते, आणि काढणीची मजुरीही सुटत नाही.

केन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९३६ साली आपल्या ग्रंथात असेच एक उदाहरण दिले आहे. वर्तमानपत्रात शंभर चेहरे छापायचे आणि वाचकांनी सर्वांत सुंदर सहा निवडायचे. बक्षीस मात्र ज्याची निवड सर्व वाचकांच्या सरासरी पसंतीशी जुळेल त्याला. मग शहाणा वाचक स्वतःला आवडलेला चेहरा निवडत नाही. इतरांना कोणता आवडेल, याचा अंदाज बांधतो. शेअरबाजारातले लोक असाच विचार करतात, असे केन्सचे म्हणणे. आपणही इतरांचा अंदाज जरूर बांधावा. पण तो त्यांच्या मागे जाण्यासाठी नव्हे, गर्दी कुठे होणार हे ओळखून आपली वाट ठरवण्यासाठी.

तो बांधायचा कसा? या खेळातली एक युक्ती उचलण्यासारखी आहे. तिथे सगळे आधी लिहितात आणि मग बोलतात. आपल्या बैठकीत उलटे होते. "यंदा काय लावणार?" असे विचारले, की आधी गावातले मोठे बागायतदार बोलतात. मग एकेक जण म्हणतो, "दादा म्हणतात तेच आमचंही." काही खरेच तसे करणार असतात, काही भिडेखातर बोलतात. त्यातून काही कळत नाही.

म्हणून पुढच्या बैठकीत चिठ्ठ्या वाटा. रोप टाकण्याच्या आधीच वाटा, कारण रोप टाकल्यावर माघार अवघड. नाव लिहायचे नाही. फक्त पीक आणि किती एकर, एवढेच. घरच्या बाईचीही वेगळी चिठ्ठी घ्या. लागवड, खुरपणी तिच्याच हातून व्हायची असते, आणि घरातला खरा बेत बहुधा तिलाच ठाऊक असतो. मग सगळ्यांसमोर चिठ्ठ्या उघडा आणि फळ्यावर बेरीज मांडा. जोडीला दोन खुणा पाहा: कांद्याच्या बियाण्याला दुकानात किती मागणी आहे, आणि शेजारच्या गावांत रोपांचे वाफे किती पडले आहेत.

बेरीज पाहून सगळ्यांनीच कांदा सोडायचा असे नाही. तसे केले तर तीही जुळवाजुळवच झाली. चार एकरवाल्याने दोन एकर कांदा, बाकी हरभरा किंवा गहू असा वाटा करावा. ज्याच्याकडे हवेशीर कांदाचाळ आहे त्याचा उन्हाळ कांदा चार-सहा महिने टिकतो, त्याला थांबता येते. ज्याच्याकडे चाळ नाही त्याने काढणीच्या गर्दीतच विकावे लागेल हे धरून क्षेत्र ठरवावे. डोक्यावर कर्ज असेल, घरात कार्य निघाले असेल, तर सगळे रान एकाच पिकावर लावणे म्हणजे सगळी रक्कम एकाच कार्डावर लावणे. अमेरिकेतला स्पर्धक हरला तर हसत घरी जात असे. आपल्याकडे हरणाऱ्याच्या दारात सोसायटीची नोटीस येते.

व्यक्ती तितक्या प्रकृती, असे आपण म्हणतो. जमिनीचेही तसेच आहे. दादांची जमीन, दादांचे पाणी आणि दादांची ऐपत तुमची नव्हे. तेव्हा दादा काय लिहिणार ते ओळखा जरूर, पण तुमच्या चिठ्ठीवरचे उत्तर तुमच्या रानाला विचारून लिहा. चिठ्ठ्यांचा हा डाव तुमच्या गावात मांडून पाहा, आणि बेरीज काय निघाली ते एका पोस्टकार्डावर जरूर कळवा.