पांडेसऱ्याची ओवी

सुरतेच्या पांडेसऱ्यात, मागांच्या खडखडाटात व रंगछपाईच्या वाफेत, खानदेशातून आलेली माणसे राबतात. ‘तेथे कसली कला?’ असे म्हणून उत्सवाचा विडा बाहेरच्या कलावंतांस देणाऱ्या देवस्थान-मंडळींस आम्ही विचारतो : बहिणाबाई चौधरींनी कोणत्या शाळेत धडे गिरविले? त्या निरक्षर. जाते, चूल, शेत हीच त्यांची पाठशाळा. सोपानदेवांनी गाणी जपली नसती, आचार्य अत्र्यांनी आग्रह धरला नसता, तर १९५२ साली तो ठेवा ग्रंथरूपाने दृष्टीस पडता ना. पांडेसऱ्याच्या एखाद्या खोलीत आज कोणी तशीच ओवी रचीत असेल. ती टिपणार कोण? सावता माळ्यास मळ्यात विठ्ठल भेटला, तो मागावर भेटू नये काय? उत्सवाची एक रात्र या श्रमिकांस द्या. नाहीतर सभामंडपात सावतोबांचे नाव घेऊ नका.