आगीतून उठणारा ढग आणि सड्यावरचा धूर

मार्च २०२३ मध्ये गोव्यातील म्हादई अभयारण्यात वणवे पेटले, तेव्हा हवाई दलाची आणि नौदलाची हेलिकॉप्टरे पाण्याच्या बादल्या लटकवून सत्तरीच्या डोंगरांवर घिरट्या घालत होती. आमच्या दोडामार्ग तालुक्याच्या अगदी शेजारची ही गोष्ट. त्याआधीचा फेब्रुवारी महिना कमाल तापमानाच्या सरासरीत १९०१ पासूनच्या नोंदींमधला तोवरचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी होता. गवत आणि पाचोळा कापरासारखा पेट घेत होता. त्यानंतर दरवर्षी शिमग्याच्या सुमारास सडा पेटला, की कोणीतरी परदेशातल्या वणव्याचा व्हिडिओ मोबाइलवर दाखवून विचारतेच. आगीच्या डोक्यावर कोबीच्या गड्ड्यासारखा फुगलेला पांढरा-तपकिरी ढग, त्यातून चमकणारी वीज. हे आपल्याकडेही होणार का?

आधी तो ढग म्हणजे काय ते पाहू. मे महिन्यात दुपारनंतर सह्याद्रीवर वळवाचा ढग चढताना आपण पाहतो. तापलेली जमीन हवेला वर ढकलते, वर गेलेली हवा थंड होते, तिच्यातील बाष्पाचे थेंब होतात, थेंब होताना उष्णता बाहेर पडते आणि त्या उष्णतेने ढग आणखी वर जातो. वरचे टोक लोहाराच्या ऐरणीसारखे पसरले की गडगडाट सुरू होतो. आगीच्या ढगाची रीत हीच, फक्त जमीन तापवण्याचे काम सूर्याऐवजी आग करते. या ढगाला पायरोक्युम्युलोनिम्बस म्हणतात. जागतिक हवामान संघटनेने २०१७ मध्ये आपल्या ढगांच्या कोशात आगीपासून जन्मलेल्या ढगांसाठी ‘फ्लॅमाजेनिटस’ असे लॅटिन नावही घातले. मी आपला ‘आगीचा ढग’ म्हणतो.

वळवाच्या ढगात आणि याच्यात मोठा फरक पावसाचा आहे. थेंब धरायला सूक्ष्म कण लागतात आणि धुरात ते अतोनात असतात. त्यामुळे तेवढेच बाष्प असंख्य कणांत वाटले जाते, थेंब बारीकच राहतात आणि पाऊस होऊन पडण्याइतके वाढत नाहीत. जो थोडा पडतो तो खालच्या कोरड्या हवेत जिरून जातो. म्हणजे ढग आगीने केला, पण आग विझवण्याच्या कामाचा तो नाही. उलट त्याची वीज नव्या जागी आग लावते आणि त्यातून खाली कोसळणारा वारा आगीची दिशा क्षणात फिरवतो. ऑस्ट्रेलियात १८ जानेवारी २००३ रोजी कॅनबेरावर चालून आलेल्या वणव्यात असे ढग उठले, आगीचा भोवरा फिरला, चार माणसे मेली आणि सुमारे ५०० घरे जळाली.

विशेष म्हणजे हा ढग इतकी वर्षे कोणाच्या नीट लक्षातच आला नव्हता. जून १९९१ मध्ये फिलिपाइन्सचा पिनाटूबो ज्वालामुखी फुटला. त्याच महिन्यात कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात मोठा वणवा लागला होता. वातावरणाच्या वरच्या थरात, म्हणजे स्थितांबरात, तेव्हा जे कण सापडले त्यांतले काही या वणव्याचे होते, पण ते ज्वालामुखीच्या खात्यावर जमा झाले. वणव्याचा धूर इतका उंच जाऊच शकत नाही, असा तेव्हा समज होता. पुढे उपग्रहांची जुनी चित्रे पुन्हा तपासल्यावर हिशेब दुरुस्त झाला. आम्हा डॉक्टरांना यात आश्चर्य वाटू नये. जो रोग असू शकतो असे मनातच नसते, तो एक्स-रेत समोर असूनही दिसत नाही.

उपग्रह हा ढग ओळखतो कसा? हवामान उपग्रह आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतही पाहतात. सुमारे ३.९ मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यात आग इतकी प्रखर दिसते, की चित्रातील एका चौकोनाचा अगदी लहान भाग पेटला असला तरी तो सगळा चौकोन चमकतो. सुमारे ११ मायक्रॉनच्या पट्ट्यात ढगाच्या माथ्याचे तापमान कळते. आगीला चिकटून उठलेल्या ढगाचा माथा उणे ४० अंश सेल्सियसपर्यंत थंड झाला, म्हणजे ढग गोठण्याइतका उंच गेला. पण तो आगीचा की साधा वळवाचा? इथे त्या बारीक कणांचा उपयोग होतो. दिवसा बारीक हिमकण ३.९ मायक्रॉनचे सूर्यकिरण जास्त परावर्तित करतात. त्यामुळे हाच माथा एका पट्ट्यात थंडगार आणि दुसऱ्यात उबदार दिसतो. दोन्हींतला फरक मोठा निघाला की संशय पक्का. रात्री सूर्य नसल्याने ही युक्ती चालत नाही.

जपानचा हिमावारी उपग्रह दर दहा मिनिटांनी चित्र घेतो, म्हणून ऑस्ट्रेलियातले असे ढग जवळजवळ जन्मापासून पाहता येतात. २०१९ च्या अखेरीस आणि २०२० च्या आरंभी तिथे काही दिवसांत दीड डझनाहून अधिक आगीचे ढग उठले. त्यांनी वर फेकलेल्या धुराचा एक भोवरा सूर्याच्या उष्णतेने स्वतःच तापत सुमारे ३५ किलोमीटर उंचीपर्यंत चढला.

आता आपला प्रश्न. माझ्या मते कोकणात असा ढग उठणे फार अवघड आहे. आपले वणवे बहुतेक जमिनीलगतचे असतात. गवत, पाचोळा आणि झुडपे जळतात, उंच झाडांचे शेंडे एकदम पेटून आगीची भिंत उभी राहत नाही. तेवढी उष्णता एका जागी साठत नाही. शिवाय कॅनडात स्थितांबर साधारण दहा-बारा किलोमीटरवर सुरू होते, आपल्या अक्षांशावर ते सोळा-सतरा किलोमीटरवर आहे. आपल्या धुराला ती माडी फार उंच पडते.

हे ऐकून माणसे निश्चिंत होतात, आणि डॉक्टर म्हणून माझी काळजी नेमकी तिथे सुरू होते. आगीचा ढग धूर वर ओढून नेतो. तो दूरदेशी त्रास देतो खरा, पण निदान काही धूर तरी जवळच्या गावाच्या नाकावरून निघून जातो. आपली मंद, धुमसणारी आग तसे काही करत नाही. दिवसा खारा वारा धूर डोंगराकडे ढकलतो. रात्री जमीन थंड झाली, की हवेचा थंड थर खाली बसतो, त्यावर उबदार हवेचे झाकण येते आणि मतलई वारा तोच धूर खाली वाडीवस्तीत आणून सोडतो. पहाटे ओपीडी उघडण्याआधीच ‘छातीत कोंडता’ म्हणणारी म्हातारी माणसे बाकावर बसलेली असतात. त्यांत आयुष्यभर चुलीपाशी फुंकणी फुंकलेल्या बायका जास्त. त्यांच्या फुप्फुसांत आधीच शिल्लक कमी असते.

धुरातील अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, म्हणजे पीएम २.५, केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाहून लहान असतात. नाकातील केस आणि घशातील चिकटा त्यांना अडवत नाही. ते श्वासपिशव्यांत पोचतात, तिथे दाह होतो आणि त्याचा परिणाम हृदयापर्यंत जातो. २०१९-२० च्या ऑस्ट्रेलियातील त्या वणव्यांत आगीने प्रत्यक्ष ३३ माणसे मेली. पूर्व ऑस्ट्रेलियातील धुरामुळे झालेले जास्तीचे मृत्यू संशोधकांनी मोजले, तो अंदाज ४१७ चा निघाला. हे मृत्यू दाखल्यावर ‘हृदयविकार’ किंवा ‘दमा’ म्हणूनच लिहिले जातात. धूर असे लिहायला रकाना नसतो.

काजूबाग जळाली तर आणखी एक भर पडते. बियांच्या टरफलातील तेलाचा धूर डोळ्यांना आणि कातडीला झोंबतो. काही जण भिजवलेला रुमाल तोंडावर बांधून फांद्यांनी आग झोडपायला धावतात. ओल्या रुमालाने राख अडते, पीएम २.५ अडत नाही. त्याला एन-९५ मास्क हवा आणि तो गालाला घट्ट बसायला हवा. दमेकऱ्याने आणि अँजिओप्लास्टी झालेल्याने आग विझवायला जाऊच नये. धुरात सापडलेल्या माणसाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून ९८ आकडा दिसला, तरी त्यावर विसंबू नये. रक्तात कार्बन मोनॉक्साइड भिनलेला असेल तर ते यंत्र त्यालाही ऑक्सिजनच समजते. डोके ठणकत असेल, मळमळत असेल, माणूस असंबद्ध बोलत असेल, तर थेट दवाखाना.

मग उपग्रहांचा आपल्याला उपयोग काय? आहे, पण त्याची मर्यादा समजून घ्यावी. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था आगीचे इशारे देते, नाव नोंदवणाऱ्याला मोबाइलवर संदेशही येतो. ते प्रामुख्याने ध्रुवीय उपग्रहांवरील उपकरणांच्या भरवशावर चालते. त्यांतील व्हिअर्स उपकरणाची नजर बारीक, सुमारे ३७५ मीटरची. पण ते आपल्यावरून जाते साधारण दुपारी दीडला आणि रात्री दीडला. सड्यावरचे गवत दुपारी तीनला पेटून सातला राख झाले, तर त्या दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात सगळे आटोपलेले असते. स्थिर कक्षेतील आपले इन्सॅट मालिकेतील उपग्रह दिवसभर आपल्याकडेच पाहत असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये श्रीहरिकोट्याहून सोडलेला इन्सॅट-३डीएस त्यांतलाच. ते अर्ध्या तासाला चित्र देतात, पण अवरक्त चित्रातला त्यांचा एक चौकोन सुमारे चार किलोमीटरचा. त्यात आग चमकली तरी ती कोणत्या वाडीजवळची हे कळत नाही. वरून दिसणारा धूर नाकाच्या उंचीवर किती आहे, हेही चित्र सांगत नाही. मालवणात किंवा कणकवलीत हे ठरवायला जमिनीवरचे यंत्रच हवे.

आगीचा इशारा आला की वनरक्षक, सरपंच आणि पोलीस पाटील धावतात, हे योग्यच. त्याच संदेशाची एक प्रत त्या भागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रालाही जावी, असे मला वाटते. खर्च काही नाही. संध्याकाळी पाचला कळले की वरच्या सड्यावर आग आहे, तर रात्रीसाठी नेब्युलायझर, ऑक्सिजन सिलिंडर आणि रुग्णवाहिका तयार ठेवता येते. आशाताईंच्या वहीत दम्याचे आणि हृदयाचे रुग्ण घरनिहाय असतील, तर त्यांना फोन करून खिडक्या लावून घ्यायला, इनहेलर उशाशी ठेवायला आणि त्या रात्री अंगणात न झोपायला सांगता येते. ज्यांना शक्य आहे त्यांना एक रात्र दुसऱ्या वाडीत पाहुण्यांकडे पाठवता येते.

ही तयारी फेब्रुवारी लागण्याआधी व्हायला हवी. जाळरेषाही काजूचा मोहोर गळायच्या आत काढाव्या लागतात, गवत वाळल्यावर नाही. आणि भाजावळ करायचीच असेल तर ती सकाळी, वारा पडलेला असताना, हाताशी पाणी आणि चार माणसे ठेवून करावी. दुपारच्या उन्हात लावलेली आग बांध ओलांडून सड्यावर चढली, की उपग्रहाच्या रात्रीच्या फेरीत फक्त धग दिसते.